पेत्राच्या शेकोटीला लाकडं नकोत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर कळेल. येशूला अटक झाली तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने प्रभूला ओळखण्याचंच तीनदा नाकारलं, त्या रात्रीवर तुम्ही चौघे मित्र वीस-बावीस मिनिटांची मराठी फिल्म करताय. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले वडीलजन म्हणतात, शास्त्राबाहेरचा एक शब्द घालायचा नाही. तुमचा कॅमेरामन म्हणतो, मग ही फिल्म होणार नाही, उपासनेतलं शास्त्रवाचन होईल. दोघांच्या मध्ये अडकून तुम्ही विचारताय की भर घालायची तर किती?

'किती' हा प्रश्न सोडून द्या. मी आधी बरीच वर्षं बायबलवरच्या मालिका-फिल्मांचे डबिंगचे संवाद लिहिले, मग स्वतःच्या छोट्या पटकथा लिहायला लागलो. भर न घातलेली एकही फिल्म मला आजवर भेटलेली नाही. येशूची जीवनकथा सांगणारी चार शुभवर्तमानं बायबलमध्ये आहेत, त्यांतल्या एकाचा लेखक योहान लिहितो की थंडी होती आणि लोक विस्तवाशी शेकत उभे होते. वाचणाऱ्याला एवढं पुरतं. कॅमेऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही. दासी पंधरा वर्षांची की चाळीस? ती पेत्राला विचारते ते सहज, खवचटपणे की दरडावून? पेत्राच्या अंगावर पांघरूण आहे का? शास्त्र यातलं काहीच सांगत नाही आणि तुम्हाला सगळंच दाखवावं लागणार. म्हणजे एक शब्दही न घालता तुम्ही शंभर गोष्टी घालणारच आहात. वडीलजनांना हे आधी समजावून सांगा, आणि वाद घालायच्या सुरात सांगू नका.

खरा प्रश्न असा आहे की शास्त्राने सहज सोडलेली जागा कुठली आणि मुद्दाम सोडलेली कुठली. दासीचं वय ही सहज सोडलेली जागा आहे, ती तुम्ही भरा. पण जिथे लिहिणाऱ्याने जाणूनबुजून हात आखडलाय तिथे तुम्हीही आखडायचा. माझ्या कामात एकनिष्ठपणा म्हणजे एवढंच. सांगायला सोपं, सेटवर महाकठीण.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेलं. ही फिल्म उत्तम शुक्रवारच्या उपासनेत, प्रवचनाच्या जागी दाखवायची असेल तर वडीलजनांचं म्हणणं पाळण्यात काहीच कमीपणा नाही. शब्दाला शब्द धरून फिल्म होते. 2003 साली योहानाचं अख्खं शुभवर्तमान निवेदकासकट पडद्यावर आणलं गेलं, जवळजवळ तीन तासांचं. त्यात अडचण एकच: 'पेत्र म्हणाला' हे निवेदक सांगतो आणि लगेच पेत्र म्हणताना दिसतो, त्यामुळे प्रसंग थोडा अडखळत चालतो. दुसरी वाट पाझोलिनीची. हा इटालियन दिग्दर्शक मार्क्सवादी होता, श्रद्धाळू म्हणून ओळखला जाणारा नव्हे. 1964 साली त्याने मत्तयावर फिल्म केली आणि संवाद मत्तयाबाहेरचे जवळजवळ घेतलेच नाहीत. जे सांगायचं ते त्याने दक्षिण इटलीतल्या साध्या माणसांच्या चेहऱ्यांतून आणि लांबलांब शांततेतून सांगितलं. तुमच्या कॅमेरामनला ती दाखवा. 'शास्त्रवाचन होईल' ही त्याची तक्रार तिथेच संपेल.

पण महोत्सवासाठी किंवा मंडळीबाहेरच्या प्रेक्षकांसाठी करत असाल तर थोडे शब्द लागतील. पेत्र कोण हेच ज्याला माहीत नाही, त्याला पहिल्या दोन मिनिटांत ते कळायला हवं.

यानंतरचा निर्णय सगळ्यात मोठा आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही: कुणाचा पेत्र घेणार? चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे आणि चारही ठिकाणी वेगळा आहे. कोंबडा आरवण्याआधी तू मला नाकारशील, असं येशूने पेत्राला आधीच सांगितलेलं असतं; मार्कात तो कोंबडा दोनदा आरवतो. मत्तयात पेत्र शिव्याशाप देत शपथ वाहतो. लूकात प्रभू वळून पेत्राकडे पाहतो, आणि ती नजर फक्त लूकात आहे. योहानात नजर नाही, शपथ नाही, आणि बरेच जण विसरतात, पेत्राचं रडणंसुद्धा नाही. सगळे जण सगळं एकत्र करतात. शपथ मत्तयाची, नजर लूकाची, विस्तव योहानाचा. खिचडी चवदार होते, पण मग ती कुणाचीच गोष्ट राहत नाही. माझं मत ठाम आहे, कुणाला हेकट वाटलं तरी चालेल: एक लेखक धरा आणि शेवटपर्यंत त्याच्याच घरी जेवा.

इथे माझी एक फजिती सांगतो. एका छोट्या फिल्मच्या मिक्सिंगला आम्ही रात्री दोन वाजता बसलो होतो. कोंबड्याचा आवाज लायब्ररीतून उचलला, छान वाटला म्हणून इंजिनियरने तीनदा टाकला, आणि झोपेत मीही मान डोलावली. पहिल्याच खेळाला एक निवृत्त शिक्षक उठून म्हणाले, "मार्क म्हणतो दोनदा, बाकीचे म्हणतात एकदा. हा तिसरा कोंबडा कुणाचा?" सभागृह हसलं. मी नाही हसलो.

तुमच्या जागी मी योहान घेतला असता. कारण सांगतो. योहानाच्या 18व्या अध्यायात पेत्र दाराशी येतो, पहिल्यांदा नाकारतो, विस्तवाशी उभा राहतो. तिथे योहान त्याला सोडतो आणि आत हन्ना या याजकासमोर चाललेल्या येशूच्या चौकशीकडे जातो. येशू म्हणतो, मी जगासमोर उघडपणे बोललो आहे, ज्यांनी ऐकलं त्यांना विचारा. त्याला चपराक बसते. आणि योहान पुन्हा बाहेर, विस्तवाशी. आत एक जण म्हणतोय ज्यांनी ऐकलं त्यांना विचारा, आणि बाहेर ज्याने ऐकलं तो म्हणतोय मी तो नव्हेच. यापेक्षा चांगला इंटरकट मी लिहू शकत नाही आणि तुम्हीही नाही. पहिल्या शतकातल्या माणसाने एडिटिंग करून ठेवलंय, तुम्ही फक्त त्याचे कट पाळा. मध्ये फ्लॅशबॅक घालू नका. पेत्र पाण्यावर चालला तो शॉट तुमच्याकडे कितीही सुंदर असला तरी नको.

आता तो विस्तव. योहान इथे जो ग्रीक शब्द वापरतो त्याचा अर्थ नुसता विस्तव नाही, कोळशांचा विस्तव. नव्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी येतो. एक इथे, 18:18 मध्ये. दुसरा 21:9 मध्ये, तिबिर्याच्या समुद्रकाठी, जिथे पुनरुत्थित येशू कोळशांवर मासळी भाजून शिष्यांची वाट पाहतोय. ती न्याहारी झाल्यावर तो पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा. एका कोळशाच्या विस्तवाच्या रात्री तीनदा नाकारणारा माणूस दुसऱ्या कोळशाच्या विस्तवाशी तीनदा हो म्हणतो. योहान हे कुठेही फोड करून सांगत नाही. तो नुसते कोळसे ठेवतो.

म्हणून म्हणतो, शेकोटीला लाकडं नकोत. तुमचा आर्टवाला ओंडके रचेलच, कारण ज्वाळा कॅमेऱ्यात देखण्या येतात. आमच्याही आर्टवाल्याने रचले होते. ते उपसून निखारे करायला लावले तेव्हा कॅमेरामन वैतागला, चेहऱ्यावर उजेडच येईना. ज्वाळेचा उजेड नाचतो आणि चेहरे उघडे पाडतो. निखाऱ्यांचा उजेड खालून येतो, हनुवटीपर्यंत पोहोचतो, डोळे अंधारात राहतात. जवळ येऊन वाकल्याशिवाय समोरचा कोण ते कळत नाही. नाकारायला आलेल्या माणसाला याहून सोयीची जागा कुठली? पण शेकायचं तर त्यालाही पुढे वाकावं लागतं, आणि वाकला की ओळखला जातो. हा खेळ तुम्हाला फुकट मिळालाय. एक शब्द न लिहिता मिळालाय.

वास पडद्यावर येत नाही, ही आपली मर्यादा. आम्ही ती आवाजाने भागवली. दासाने निखाऱ्यावर फुंकर घातल्यावर राख उडते आणि कोळसा तडकतो, तो एक आवाज नीट रेकॉर्ड केला, आणि समुद्रकाठच्या सकाळी, चित्र येण्याआधी, अंधारात तोच ऐकवला. पेत्र साकारणाऱ्या नटाने डबिंगला तो आवाज पहिल्यांदा ऐकला आणि तो थबकला. मग ते थबकणं आम्ही ठेवलं.

संवादांकडे येतो. अटकेच्या वेळी शिपाई येतात तेव्हा येशू म्हणतो, "मी तो आहे." थोड्याच वेळाने दासी पेत्राला विचारते, तू पण त्या माणसाचा शिष्य ना? पेत्र म्हणतो, "मी नाही." ग्रीकमध्ये ही जोडी टोकदार आहे, आणि मराठीत ती सहज उतरते. म्हणून पेत्राच्या तोंडी "छे हो बाई, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय" असलं काही घालू नका. वाक्य नैसर्गिक होईल आणि प्रसंग मरेल. "मी नाही." दोन शब्द, आणि आवाज न चढवता.

तिसऱ्या वेळी तर मजाच आहे. मल्खाचा नातलग विचारतो, मी तुला बागेत त्याच्याबरोबर पाहिलं नाही काय? म्हणजे ज्या मल्खाचा कान पेत्राने काही तासांपूर्वी, अटकेच्या वेळी उडवला, त्याच्याच घरचा माणूस. आणि योहान पेत्राचं उत्तर देतच नाही. एवढंच लिहितो की पेत्राने पुन्हा नाकारलं आणि लगेच कोंबडा आरवला. मी मघाशी मुद्दाम सोडलेली जागा म्हणालो ती हीच. इथे मत्तयातून शपथा उसन्या आणायचा मोह होतो, नट तर हात जोडून मागतात, कारण ओरडायला मिळतं. देऊ नका. कॅमेरा त्या नातलगावर ठेवा. पेत्राची पाठ, मान किंचित हललेली, बस.

मराठीत काम करणाऱ्याला एक गोष्ट जास्तीची मिळते, ती ग्रीकलाही नव्हती: तो आणि ते, तू आणि आपण. शिष्य येशूशी बोलताना 'प्रभूजी, आपण' म्हणतात, आपसात 'गुरुजी म्हणाले' म्हणतात. मग पेत्र अंगणात त्याच्याविषयी बोलेल तेव्हा काय म्हणेल? योहानात असं वाक्य नाही, पण उद्या कुणी मार्क घेतला तर तिथे पेत्र म्हणतो, तुम्ही बोलता त्या माणसाला मी ओळखत नाही. 'त्यांना' चा 'त्याला' होणं हीच मराठी कानाला नाकारणं वाटतं. एका डबिंगला आम्ही 'त्यांना' असं सुरू करून अर्ध्यावर 'त्याला' करवलं. स्टुडिओत कुणीतरी म्हणालं, चूक झाली, रिटेक. चूक नव्हती. मात्र ही भर आमची होती, शास्त्राची नव्हे, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं.

बोलीचंही तसंच. मत्तयात लोक पेत्राला म्हणतात की तुझ्या बोलण्यावरूनच तू कोण ते कळतं, म्हणजे गालीलचा हेल. आता सगळे शिष्य जर पुण्याच्या आकाशवाणीवरचं मराठी बोलत असतील तर हे वाक्य हवेत जातं. उलट पेत्र मासेमार म्हणून त्याला थेट कोळी बोली दिली तर प्रेक्षक वेसाव्याला पोहोचतो, आणि वर ती बोली हसण्यावारी जाते. आम्ही काय केलं, तर शब्द प्रमाण ठेवले आणि नट निवडला दुसऱ्या भागातला. हेल आपोआप आला. योहानात हे वाक्य नाही म्हणून तुमची यातून सुटका आहे.

समुद्रकाठचा प्रसंग शेवटी घेणार असाल (घ्याच, नाहीतर कोळशांना अर्थ राहणार नाही) तर एक धोका सांगून ठेवतो. येशूचा पहिला प्रश्न असा आहे: तू माझ्यावर यांच्यापेक्षा अधिक प्रीती करतोस का? 'यांच्यापेक्षा' म्हणजे कुणापेक्षा? बाकीचे शिष्य करतात त्यापेक्षा? की या शिष्यांवर करतोस त्यापेक्षा? की ही नाव, ही जाळी, नुकतीच ओढलेली ती 153 मासळी, हा सगळा जुना धंदा? ग्रीकमध्ये संदिग्ध आहे, मराठीतही संदिग्ध राहतं, आणि विद्वानांचं अजून एकमत नाही. पण येशूच्या नटाने नुसते डोळे मासळीकडे वळवले की तुम्ही दोन हजार वर्षांचा वाद एका सेकंदात मिटवलात, तेही नकळत. म्हणून त्या प्रश्नावर क्लोजअप ठेवा आणि नजर पेत्रावरून हलू देऊ नका. पुढे मूळ भाषेत प्रीतीसाठी दोन वेगळी क्रियापदं येतात. त्यात खोल अर्थ आहे की योहानाची नुसती लेखनशैली, यावरही दोन मतं आहेत. आम्ही 'प्रीती' आणि 'प्रेम' अशी जोडी वापरली आणि नटाला त्यावर जोर देऊ नको म्हणून सांगितलं. ज्याला ऐकू येईल त्याला येईल.

येशूच्या तोंडी नवं वाक्य घालायचं का? माझ्यापुरतं नाही. दाराजवळच्या दासीला, दासांना, थंडीला, पैशांना, रात्रपाळीच्या कंटाळ्याला हवे तितके शब्द द्या. तुमची कल्पनाशक्ती तिथे खर्च करा. इतरांनी येशूला नवे संवाद दिले आहेत, काहींनी चांगले दिले आहेत, मी त्यांना पापी ठरवत नाही. पण वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये त्याची गरजच पडत नाही.

प्रमाण हाही निष्ठेचा भाग आहे, हे मला उशिरा कळलं. फटके मारल्याचं योहान एका छोट्या वाक्यात सांगतो, 19:1. 2004 च्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' मध्ये तोच प्रसंग मिनिटामागून मिनिटं चालतो. त्यात खोटं काही नाही, रोमी फटके भयंकरच असत. पण जिथे लिहिणारा थांबला नाही तिथे कॅमेरा थांबला, आणि गोष्टीचा तोल बदलला. तुमच्या फिल्ममध्ये आतल्या चपराकीबद्दल हेच लक्षात ठेवा. एकदा, स्लो मोशन नको.

एका शब्दाबद्दल मात्र मी कडक आहे. योहान विरोधकांना वारंवार 'यहूदी' म्हणतो. येशू, पेत्र, बाकीचे शिष्य हे सगळेच यहूदी होते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तिथे अर्थ मुख्य याजक आणि अधिकारी एवढाच असतो. युरोपात येशूच्या दुःखसहनाच्या नाटकांनंतर यहूदी वस्त्यांवर हल्ले झाल्याचा इतिहास आहे. कॅथलिक चर्चने 1965 मध्ये सगळ्या यहूद्यांवर येशूच्या मृत्यूचा दोष टाकता येत नाही असं स्पष्ट लिहिलं, आणि अमेरिकन बिशपांनी 1988 मध्ये अशा नाट्यरूपांसाठी निकषच काढले. आपल्याकडे तर कोकणात बेने इस्राएल आहेत, घरात मराठी बोलणारे यहूदी, अलिबागकडे तेलाच्या घाण्यांमुळे शनिवार तेली म्हणून ओळखले गेलेले. तुमचा मराठी संवाद त्यांच्याही कानांवर पडणार आहे. मी जमेल तिथे 'अधिकारी', 'याजक' असं लिहितो.

परवानगीचं थोडक्यात. मूळ शास्त्रावर कुणाचा हक्क नाही, पण भाषांतरावर असतो. सध्या प्रचारात असलेल्या भाषांतरांतून संवाद उचलणार असाल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या, आणि ती शूटच्या आधी. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' वापरावंसं वाटेल, ते बोलायला खरंच सोपं आहे, पण तेही हक्कांत आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून केलेलं, केडगावच्या मुक्ती मिशनचं भाषांतर मुक्त आहे, कारण त्या 1922 मध्ये वारल्या. सामान्य बायकांना कळावं म्हणून त्यांनी ते साध्या मराठीत केलं होतं. काही वाक्यं आज जुनी वाटतील, पण बरीचशी नटाच्या तोंडात बसतात.

वडीलजनांशी बोलताना त्यांच्यावर फाळक्यांचा दाखला टाकून बघा. गिरगावात 1910-11 च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरची मूकफिल्म पाहिली, आणि ती बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण उभे राहायला लागले. त्यातून 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे फाळक्यांच्या सिनेमाची सुरुवातच बायबलच्या पडद्यावरच्या रूपातून झाली. एका म्हाताऱ्या पाळकांना हे सांगितलं तेव्हा ते नरमले नाहीत, पण खुर्ची पुढे ओढून बसले.

खरा उपयोग होतो तो दोन शाईंचा. पटकथेत शास्त्रातलं प्रत्येक वाक्य काळ्यात लिहा, बाजूला अध्याय-वचन. तुमचं प्रत्येक वाक्य लालमध्ये. आणि ती प्रत वडीलजनांच्या हातात द्या. माझा अनुभव असा की लाल ओळी पाहून ते घाबरत नाहीत. कुठली ओळ आपली आणि कुठली शास्त्राची हे लेखकाला ठाऊक आहे एवढं दिसलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो. उरलेला निम्मा बहुतेकदा बरोबर असतो. त्या तिसऱ्या कोंबड्याचा हिशेब मागणाऱ्या शिक्षकांना मी पुढच्या प्रत्येक संहितेच्या वाचनाला बोलावलं.

आणि शूटच्या आधी एक रात्र काढा. घराच्या मागे घमेल्यात दोन किलो लोणारी कोळसा पेटवा, ज्वाळा विझून निखारे लाल होईपर्यंत थांबा, सगळे दिवे घालवा, पेत्राला समोर उभा करा आणि साध्या फोनवर शूट करा. चेहरा कुठपर्यंत दिसतो ते बघा. मग पटकथा पुन्हा वाचा. बऱ्याच लाल ओळी तुम्ही स्वतःच खोडाल.